फळीची उंची

एकदा एक वृद्ध सत्पुरुष दुखवट्याच्या घरी गेले आणि उंबरठ्यातूनच म्हणाले, "मला भूक लागली आहे."

ज्यांनी उभ्या आयुष्यात कोणाकडे पाण्याचा पेलाही मागितला नव्हता, असे ते गृहस्थ. गावात त्यांना सारे अण्णा म्हणत. नदीकाठच्या धर्मशाळेतील एका खोलीत ते राहत. येईल त्याला शिकवीत आणि मिळेल ते खात. त्यांच्याजवळ त्र्यंबक नावाचा एक तरुण शिष्य दोन वर्षांपासून अध्ययन करीत होता. त्या दिवशी अण्णांच्या मागे तोच उभा होता. गुरूंचे शब्द ऐकून त्याने मान खाली घातली.

ते घर होते केरबा सुताराचे. दोन महिन्यांपूर्वी त्याची पत्नी अनुसया अल्पशा आजाराने गेली होती. घरात आता दोनच माणसे उरली होती: केरबा आणि त्याची सासू द्वारकाबाई. चार वर्षांपूर्वी एकट्या पडलेल्या आईला अनुसयेने आपल्याकडे आणले होते. केरबा सासूला आत्या म्हणे. दोघांचे एकमेकांशी वाकडे काहीच नव्हते. पण दोघांना जोडणारी मधली कडी निखळून गेली होती, आणि एका छपराखाली ती दोन माणसे पाहुण्यांसारखी वावरत होती.

"भूक?" केरबा गोंधळून उठला. "बसा अण्णा. शेजारच्या काकूंनी भाकरी दिलीय, ती..."

"नको. याच घरात शिजलेलं हवं. पिठलं-भात खाईन म्हणतो."

केरबाने आत्यांकडे पाहिले. आत्या भिंतीला धरून उठल्या. बाई बुटक्या, त्यात पाठीत वाकलेल्या. पण पाहुणा जेवायला मागतो आहे म्हटल्यावर त्यांच्या चालण्यात जरा घाई आली.

स्वयंपाकघर नीटनेटके होते. एका भिंतीला ओटा आणि त्याला लागून जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत गेलेले सागवानी कपाट. केरबाने ते स्वतःच्या हाताने केले होते. सांध्यात नख शिरणार नाही असे काम. आत ओळीने चकचकीत डबे उभे. अनुसया उंच होती. तिने डबे जसे लावले होते तसेच ते होते. दोन महिन्यांत एकही डबा बोटभर सरकला नव्हता.

"जावईबापू, डाळीचं पीठ," आत्या म्हणाल्या.

केरबाने हात उंचावून डबा काढून दिला. आत्यांनी पीठ घेतले. केरबाने डबा पुसला आणि पुन्हा नेमका त्याच जागी ठेवला. मग तांदळाचा डबा. तोही काढला, पुसला, ठेवला. कढईत तेल तापले तेव्हा आत्यांच्या लक्षात आले की मिसळणाच्या डब्यातली मोहरी संपली आहे आणि भरलेला डबा वरच राहिला. केरबा मोहरी शोधेपर्यंत तेलातून धूर निघाला. ते तेल ओतून टाकून पुन्हा दुसरे तापवावे लागले. पातेले उतरवायची सांडस समोरच्या भिंतीवर होती, हात पुरेल त्याहून वीतभर उंच. भात खाली लागला.

पिठलं-भात व्हायला दीड तास लागला. अण्णा पाटावर बसून सारे पाहत होते. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतला आणि म्हणाले, "आत्या, उद्या भाकरी आणि आमटी करा. मी येतो."

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार झाला. भाकरीचे पीठ वरच्या फळीवर, परात खालच्या कप्प्यात मोठ्या पातेल्यांच्या तळाशी आणि तवा मोरीच्या वरच्या खुंटीला. आत्या एका भाकरीसाठी तीन वेळा वाकल्या आणि चार वेळा केरबाला हाक मारली. केरबा रंधा मारायचे सोडून प्रत्येक वेळी आत येत होता. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून कुजबुजत होत्या. "दुखवट्याच्या घरात जाऊन जेवणाच्या फर्माइशी! आणि म्हणे सत्पुरुष."

ते शब्द त्र्यंबकाच्या जिव्हारी लागले. परतताना तो म्हणाला, "अण्णा, रागावू नका. पण आपण हे काय चालवलं आहे? त्या घरात सांत्वन न्यायचं, तर आपण कष्ट नेतो आहोत."

अण्णा म्हणाले, "गेल्या आठवड्यात आत्या मला देवळाच्या पायरीवर भेटल्या. कोरडे पोहे खात होत्या. दुपारची वेळ होती. मी विचारलं, घरी स्वयंपाक नाही का? म्हणाल्या, 'होत नाही.' येत नाही म्हणाल्या नाहीत, त्र्यंबका. होत नाही म्हणाल्या. का होत नाही, ते मला पाहायचं आहे."

"मग कळलं का?"

"मला थोडं कळलं. त्यांना अजून कळायचं आहे."

तिसऱ्या दिवशी अण्णांनी फक्त वरण-भात मागितला. त्याला काय लागते? डाळ, तांदूळ, चिमूटभर हळद. पण नेमका त्याच वेळी खिडकीचे माप घेऊन कोणी गिऱ्हाईक आले आणि केरबा पडवीत गेला. आत्यांनी दोनदा हाक मारली. गिऱ्हाइकाच्या बोलण्यात ती त्याला ऐकू गेली नाही. अण्णा उठू लागले, तेवढ्यात आत्यांनी हातात झारा घेतला, टाचा उंचावल्या आणि झाऱ्याच्या टोकाने तूरडाळीचा डबा पुढे ओढायला सुरुवात केली.

डबा तिरका झाला. त्याने शेजारच्या चिनी मातीच्या बरणीला धक्का दिला.

बरणी ओट्याच्या कडेवर आपटली आणि फरशीवर फुटली. लिंबाचे लोणचे होते. पिवळा-तांबडा खार कपाटावरून, ओट्यावरून, आत्यांच्या पातळावरून ओघळला. स्वयंपाकघरात लिंबाचा आणि हिंगाचा वास भरून राहिला.

केरबा धावत आत आला. जमिनीवरचे तुकडे पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हात कशाला लावला?" तो ओरडला. या माणसाचा आवाज चढलेला गावाने कधी ऐकला नव्हता. "मी होतो ना? मला हाक मारायची! ती बरणी तिनं भरलेली होती. तिच्या हातची शेवटची!"

आत्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. झारा अजून त्यांच्या हातातच होता. त्या अगदी हळू म्हणाल्या, "तिला भरायला मीच शिकवलं होतं, जावईबापू."

त्यांनी झारा ओट्यावर ठेवला.

"तुमची बायको गेली, माझी लेक गेली," आत्या पुढे म्हणाल्या. "तुमच्या घरात तिच्या वस्तूंना माझा धक्का लागतो. मी परवा भाच्याकडे निरोप धाडलाय. तो न्यायला येईल. म्हातारं माणूस आहे, कुठंही दोन घास खाईन."

केरबा तुकड्यांपाशी खाली बसला. त्र्यंबकाला राहवले नाही. तो अण्णांच्या कानाशी म्हणाला, "आपण मागितलं नसतं, तर बरणी फुटली नसती."

"खरं आहे," अण्णा म्हणाले. त्यांनी ते लपवले नाही. मोठ्यानेच म्हटले, सर्वांना ऐकू जाईल असे. "केरबा, बरणी फुटली यात माझाही वाटा आहे. ती मला भरून देता येणार नाही. पण खार लाकडात मुरण्याआधी फळी धुऊ, एवढं करता येईल. त्र्यंबका, पाणी आण."

वृद्ध अण्णांनी स्वतः पदरात घेतल्यासारखे ते तुकडे पंच्यात गोळा केले. आत्यांना पाटावर बसवले. केरबा यंत्रवत उठला. त्याने वरच्या फळीवरचे सगळे डबे उतरवले, फळीवरचा तेलकट कागद काढला आणि ओल्या फडक्याने कपाट आतून पुसायला घेतले. चांगल्या सुताराला लाकडावर डाग सहन होत नाही, दुःखातसुद्धा.

अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. कपाटाच्या आतल्या बाजूवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "केरबा, ही भोकं कसली?"

आतल्या फळकुटावर खाली एक, मध्ये एक आणि वर एक अशा भोकांच्या तीन जोड्या होत्या. खालच्या दोन्ही जोड्या लाकडाच्या भुशाने आणि सरसाने बुजवलेल्या. सगळ्यात वरच्या जोडीत आता फळीची पट्टी बसवलेली होती.

"स्क्रूची," केरबा म्हणाला. "फळीची पट्टी आधी तिथं होती."

"तिथं म्हणजे?"

"लग्न झालं तेव्हा हा ओटा नव्हता. अनुसया खाली बसून स्वयंपाक करायची. म्हणून पहिली फळी पार खाली, बसल्या जागी हात पुरेल अशी." केरबाने खालच्या भोकांवरून अंगठा फिरवला. "मग ओटा बांधला. ती उभी राहून करायला लागली. म्हणाली, आता फळी माझ्या छातीपाशी घ्या. घेतली. ही मधली भोकं."

"आणि ही वरची?"

"सात वर्षं झाली. तिची कंबर धरली होती. वाकता येईना. खालचा डबा काढायचा म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं. म्हणाली, रोजचे डबे वर घ्या, म्हणजे वाकणं कमी होईल. तिचे हात लांब, वर कितीही पुरायचे. मी एका दुपारीत..."

बोलता बोलता केरबा थांबला. त्याचे फडके हातात तसेच राहिले. त्याने एकदा त्या तीन जोड्यांकडे पाहिले आणि मग मागे वळून पाटावर बसलेल्या आत्यांकडे. वाकलेल्या पाठीमुळे बसल्यावर त्या लहान मुलीएवढ्या दिसत होत्या.

अण्णा तेव्हा बोलले. फार थोडे बोलले.

"केरबा, तुला वाटतं की अनुसयेनं लावलेलं काही हलवायचं नाही. पण या लाकडाकडे पाहा. तिनं यातली फळी दोनदा हलवली. जेव्हा जेव्हा शिजवणाऱ्या शरीराला त्रास झाला, तेव्हा तेव्हा तिनं फळीची जागा बदलली, आणि तू बदलून दिलीस. शेवटची जागा ही तिच्या कंबरेच्या दुखण्याची जागा आहे. तू ते दुखणं जपून ठेवलं आहेस, आणि तिच्या आईला उपाशी ठेवलं आहेस. ती आज असती आणि तिनं आईला झाऱ्यानं डबा ओढताना पाहिलं असतं, तर तुला काय म्हणाली असती?"

केरबाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तो रडत होता आणि त्याच वेळी त्याचा हात कानामागे जाऊन सुतारी पेन्सिल शोधत होता. ती तिथे नव्हती. घाईत ती पडवीतच राहिली होती. तो पडवीत गेला, पेन्सिल आणि टेप घेऊन आला.

"आत्या," तो म्हणाला, "जरा ओट्यापाशी उभ्या राहता का?"

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

आत्या उठून उभ्या राहिल्या. गावातल्या निम्म्या ओट्यांची मापे या माणसाने घेतली होती. घरातल्या या माणसाचे माप घ्यायचे राहून गेले होते.

"आता हात वर करा," केरबा म्हणाला. "हळूहळू. दुखायच्या आधी थांबा."

आत्यांनी हात उचलला. खांद्याच्या किंचित वर तो थांबला. केरबाने तिथे कपाटावर बारीक रेघ मारली. त्या रेघेकडे तो बघत राहिला. वरच्या फळीपासून ती दीड हात खाली होती. दोन महिने ही बाई रोज त्या दीड हाताशी झगडली होती आणि त्याला ते एकदाही दिसले नव्हते.

"आत्या, माझं चुकलं," तो म्हणाला.

"असू दे," आत्या म्हणाल्या. "मीही बोलले नाही. मला वाटायचं, तिची तेवढीच आठवण उरलीय, ती कशाला मोडायची."

त्या दुपारी स्वयंपाकघरातले सारे सामान बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आले. अण्णांनी आत्यांना एवढेच सांगितले, "या तीन दिवसांत ज्याला ज्याला हात लावावा लागला, ते बाजूला काढा." आत्यांनी काढले. तांदूळ, डाळ, दोन पिठे, तेल, मीठ, गूळ, तवा, परात, एक कढई, दोन पातेली, सांडस, उलथणे. एवढासाच ढीग झाला. त्याच्या शेजारी दुसरा ढीग पडला होता, कमरेएवढा: चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, वीस माणसांची पातेली, कुणाकुणाच्या लग्नात आलेले पेल्यांचे संच. आणि इतकी वर्षे हाताशी असलेली सगळी जागा या दुसऱ्या ढिगाने अडवली होती.

त्र्यंबकाने तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभेल अशी सूचना केली. "धान्य एका फळीवर, भांडी एका फळीवर आणि मसाले एका फळीवर लावू या. वर्गवारी स्वच्छ राहील."

आत्या इतक्या दिवसांत पहिल्यांदाच थोड्या हसल्या. "बाबा, भाकरी करताना मला पीठ लागतं, परात लागते, तवा लागतो. ती तिन्ही तीन वर्गांत बसली, तर मी तीन ठिकाणी फिरू?"

मग केरबाने रेघेच्या खाली नवी फळी बसवली. आत्या सांगत गेल्या आणि तो आणि त्र्यंबक लावत गेले. पीठ, परात, तवा एकाजवळ एक. तेल आणि फोडणीचे सामान शेगडीला लागून. डाळ-तांदूळ नव्या फळीवर, रेघेच्या खाली, आणि पुढच्या ओळीत. मागे दुसरी ओळ लावायचीच नाही. पातेली एकात एक न घालता शेजारी शेजारी, म्हणजे एक ओढताना चार उचलायला नकोत. सांडस हाताच्या उंचीच्या खिळ्याला. सोऱ्या, पुरणयंत्र आणि पेल्यांचे संच वर, अगदी छताजवळ, सणाची वाट पाहत. चहा-साखरेचा डबा केरबाने स्वतः मागून घेतला आणि आपल्या उंचीला ठेवला. "सकाळचा चहा मी करीन. एवढं तरी मला यायला हवं."

शेवटी हळद-मोहरीचा तो मिसळणाचा डबा राहिला. केरबाने तो उचलला आणि विचारले, "हा कुठं?"

"तो होता तिथंच राहू दे," आत्या म्हणाल्या. "शेगडीच्या उजवीकडं, ओट्यावरच. ती तिथंच ठेवायची. माझाही हात न बघता तिथंच जातो." मग त्या म्हणाल्या, "लहानपणी माझ्या चुलीपाशी बसायची. माझंच बघून ठेवला असेल."

केरबाने तो डबा दोन्ही हातांनी तिथे ठेवला.

संध्याकाळ होण्याआधी वरण-भात तयार झाला. शिजायला लागला तेवढाच वेळ लागला, शोधायला काही लागला नाही. आत्यांनी एकदाही हाक मारली नाही. मात्र केरबा आपणहून दोनदा आत डोकावून गेला.

धर्मशाळेकडे परतताना त्र्यंबकाने विचारले, "अण्णा, पहिल्याच दिवशी आपण सांगितलं असतं की फळी खाली घ्या, तर?"

"तर त्यानं हात जोडले असते आणि फळी तिथंच राहिली असती. दुःखातल्या माणसाला सांगितलेलं ऐकू जात नाही, त्र्यंबका. पण कोणी भुकेला दारात आला, की त्याला उठावं लागतं. उठला की घरात कुठं काय अडतंय, ते त्याच्याच हाताला लागतं." मग ते म्हणाले, "तरी ती बरणी मला चुकवता आली असती. मी लवकर उठायला हवं होतं."

गुरूंना चुकीची कबुली देताना त्र्यंबकाने पूर्वीही ऐकले होते. पण त्या दिवशी तो त्यांच्या अधिक जवळून चालला.

आत्यांचा भाचा तीन दिवसांनी आला. त्याने चहा घेतला, जेवण केले, आणि एकटाच परत गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात केरबा स्वतः धर्मशाळेत बोलावणे घेऊन आला. "अण्णा, आत्यांनी भाकरी आणि भरलं वांगं केलंय. म्हणाल्या, मागितल्याशिवाय येत नाहीत का ते, विचारून या."

अण्णा, त्र्यंबक आणि केरबा जेवायला बसले. आत्या तव्यावरून ताटात गरम भाकरी टाकत होत्या. एक भाकरी जरा लांबट झाली. तिच्याकडे बघून आत्या म्हणाल्या, "अनुसयेनं पहिली भाकरी थापली, तेव्हा आठ वर्षांची होती. गाढवाच्या कानासारखी झालेली. तिच्या वडलांनी ती हातात धरून गल्लीभर दाखवली."

केरबाने घास हातात धरून मान वर केली. "आत्या, माझ्याकडं आली तेव्हाही कानच होता."

आत्यांना हसू फुटले. त्यांनी पिठाचा हात तोंडावर धरला, तरी ते थांबेना. केरबाही हसला, ठसका लागेपर्यंत. अनुसया गेल्यापासून त्या घरात तिचे नाव हसून घेतले गेले, ते त्या दुपारी पहिल्यांदा. अण्णांनी ताट पुढे केले आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

आपल्या घरी रोज कोण शिजवते, आणि त्याचा हात दुखायच्या आधी कुठे थांबतो, हे आज घरी गेल्यावर एकदा पाहावे.